फ्रान्सची 'दुसरी' परदेशी पॅराशूट रेजिमेंट आहे, मग 'पहिली' कुठे गेली?

प्रश्न असा आला आहे: "फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये 'दुसरी परदेशी पॅराशूट रेजिमेंट' आहे, ती कॉर्सिका बेटावर असते. पण पहिली कुठेच सापडत नाही. ती युद्धात संपली, की तिने बंड केलं म्हणून सरकारने मोडली?"

दोन्ही खरं आहे. पहिली पलटण शत्रूने दोनदा संपवली आणि दोन्ही वेळा ती पुन्हा उभी राहिली. तिसऱ्यांदा तिच्याच सरकारने तिला मोडलं, आणि त्यानंतर तो क्रमांक परत कुणाला मिळाला नाही. आयुष्याची बरीच वर्षं पॅरा पलटणीत काढल्यावर आणि नंतर तरुण अधिकाऱ्यांना लष्करी इतिहास शिकवताना मी या एका रेजिमेंटकडे पुन्हा पुन्हा वळलो आहे. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी नावाचा घोळ सोडवू. फॉरेन लीजन म्हणजे फ्रान्सच्या सैन्यातली परदेशी नागरिकांची फौज. शिपाई कुठल्याही देशाचे, अधिकारी बहुतेक फ्रेंच. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाम, लाओस, कंबोडियात, फ्रान्सला हो चि मिन्हच्या व्हिएत मिन्ह फौजेशी लढायचं होतं. रस्ते कमी, जंगल दाट, चौक्या एकमेकींपासून लांब. अशा मुलखात वेढ्यात सापडलेल्या चौकीला मदत पोचवायचा सर्वांत लवकरचा मार्ग आकाशातला. म्हणून लीजननेही छत्रीसैनिक तयार करायचं ठरवलं. १ जुलै १९४८ रोजी, तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियात, सिदी-बेल-आब्बेस या लीजनच्या मुख्य ठाण्याजवळ पहिली परदेशी पॅराशूट बटालियन उभी राहिली. कमांडर होते कॅप्टन पिएर सेग्रेतें. त्याच नोव्हेंबरात ती हायफाँग बंदरात उतरली. रेजिमेंटचा दर्जा तिला १९५५ मध्ये मिळाला, पण तिचं रक्त-मांस याच बटालियनचं. लीजनच्या सवयीप्रमाणे शिपायांत जर्मन पुष्कळ होते.

पहिला शेवट १९५० चा. चीनच्या सीमेलगत काओ बांग ते लांग सोन असा एक रस्ता जातो, त्याला फ्रेंच 'वसाहती रस्ता क्रमांक ४' म्हणत. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, मधे घाट, आणि दर काही मैलांवर एक चौकी. १९४९ मध्ये चीन माओच्या हाती गेला तेव्हा या रस्त्याचं गणितच उलटलं. सीमेपलीकडे व्हिएत मिन्हला आता प्रशिक्षण मिळत होतं, तोफा मिळत होत्या. सप्टेंबर १९५० मध्ये त्यांनी मधली दोंग खे ही चौकी घेतली, आणि वरचं काओ बांग एकटं पडलं.

फ्रेंच कमांडने काओ बांग सोडायचं ठरवलं, पण योजना अशी आखली की आजही नकाशा समोर ठेवला की माझा जीव कासावीस होतो. खालून, थात खे येथून, कर्नल लपाज यांची तुकडी वर जाणार, दोंग खे परत घेणार. वरून काओ बांगची फौज कर्नल शार्तों यांच्यासोबत खाली येणार. दोघांनी वाटेत भेटायचं. दोन तुकड्या, मधे शत्रू, आणि दोन्ही तुकड्यांचं यश एकमेकींच्या वेळेवर टांगलेलं. आमची बटालियन (मला तिला 'आमची' म्हणायची सवय लागली आहे) सप्टेंबरच्या मध्यात थात खेवर उड्या टाकून उतरली होती. तिला लपाज यांच्या हाताखाली दिलं गेलं.

इथे एक गोष्ट पॅरा नसलेल्या वाचकासाठी सांगायला हवी. छत्रीसैनिक म्हणजे अंगावर वाहून नेता येईल तेवढंच असलेला पायदळ शिपाई. विमानातून उतरेपर्यंत तो सगळ्यांत वेगवान असतो; जमिनीला पाय लागल्यावर तो सगळ्यांत हलका असतो. अवजड तोफा नाहीत, गाड्या नाहीत, दारूगोळा दोन-तीन दिवसांचा. अशा बटालियनला पटकन एखादी जागा घ्यायला सांगा, तिला तोड नाही. तिलाच जंगलात दहा दिवस चालत, दुसऱ्याच्या माघारीची ढाल बनून लढायला लावलंत, तर तिच्या सगळ्या उणिवा एकाच वेळी उघड्या पडतात.

तेच झालं. दोंग खे परत मिळालं नाही. लपाज यांची तुकडी रस्ता सोडून पश्चिमेच्या डोंगरात ढकलली गेली आणि कोक् सा नावाच्या चुनखडीच्या घळीत अडकली. वर कड्यांवर व्हिएत मिन्हच्या बटालियनांवर बटालियना. शार्तों यांची फौज बाजूच्या टेकड्यांवर आली होती, पण मधली खिंड बंद. ७ ऑक्टोबरच्या पहाटे घळीचं तोंड फोडायचं काम बटालियनला मिळालं. कंपनीमागून कंपनी त्या अरुंद तोंडात गेली आणि कापली गेली. वाट उघडली, लपाज यांच्या तुकडीतले मोरोक्कन सैनिक बाहेर पडले, लोक वेलींना धरून कडे उतरले. पण खाली दोन्ही तुकड्या एकत्र आल्या त्या फौज म्हणून नव्हे, थकलेल्या माणसांचे पुंजके म्हणून. सेग्रेतें तिथेच जखमी होऊन गेले. बदली म्हणून आणखी एक कंपनी थात खेवर उतरवली होती, तीही गेली. सुमारे पाचशे माणसांच्या बटालियनमधून कॅप्टन पिएर जाँपियेर यांच्यासोबत जंगल पार करून आपल्या हद्दीत पोचलेले लोक तीससुद्धा नव्हते. संपूर्ण मोहिमेत फ्रान्सने सुमारे ४,८०० माणसं गमावली.

जाँपियेर हे नाव लक्षात ठेवा. महायुद्धात ते प्रतिकार चळवळीत होते, नाझींनी त्यांना माउटहाउसेनच्या छळछावणीत टाकलं होतं. तिथून जगून आले, कोक् साहूनही जगून आले.

मार्च १९५१ मध्ये बटालियन पुन्हा उभी राहिली. काळी नदी, होआ बिन्ह, ना सान अशी दोन वर्षं लढाईत गेली. ती वेगवेगळी सांगत बसत नाही. दुसरा शेवट झाला तो दिएन बिएन फूला, वायव्य व्हिएतनाममधल्या एका खोऱ्यात, जिथे फ्रेंच तळाला व्हिएत मिन्हने वेढा घातला. २० नोव्हेंबर १९५३ ला पहिल्या पॅरा बटालियना त्या खोऱ्यात उतरल्या, आणि २१ तारखेला मेजर गिरो यांच्यासोबत आमची. सहा महिन्यांनी, ७ मे १९५४ ला, तळ पडला. या वेढ्यावर लिहिणारे तोफांबद्दल आणि पावसाबद्दल पुष्कळ लिहितात. मला मात्र दोन गोष्टी विसरता येत नाहीत.

एक, एप्रिलमधला 'एलियान १' टेकडीवरचा प्रतिहल्ला. लीजनच्या दोन कंपन्या चढताना गात होत्या. त्यांच्या मागून व्हिएतनामी छत्रीसैनिकांच्या कंपन्या आल्या. त्यांच्याकडे स्वतःचं असं रणगीत नव्हतं, म्हणून त्यांनी फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हटलं. स्वतःच्याच देशाच्या मातीवर, परक्या देशाचं राष्ट्रगीत म्हणत मरणाऱ्या त्या पोरांची आठवण इंडोचायना सोडताना फ्रान्सच्या कितीजणांना राहिली असेल, हा प्रश्न पुढच्या सगळ्या कथेच्या बुडाशी आहे.

दुसरी गोष्ट शेवटच्या आठवड्यांतली. तळाला माणसं कमी पडू लागली तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी छत्रीला हात लावला नव्हता असे शेकडो स्वयंसेवक रात्रीच्या अंधारात, विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात उतरले. मी आग्र्याला पहिली उडी घेतली ती आठवडेभराच्या जमिनीवरच्या सरावानंतर, लख्ख उजेडात, खाली रुग्णवाहिका उभी असताना; आणि तरीही दारात पाय जड झाले होते. या लोकांना खाली काय आहे हे नीट ठाऊक होतं, तळ वाचणार नाही हेही बहुतेकांना कळलं होतं. तरी ते गेले.

लीजनची दुसरी पॅरा बटालियनही एप्रिलमध्ये तिथेच उतरवली होती. 'ह्युगेत १' या ठाण्यावरचा तिचा प्रतिहल्ला फसला, आणि उरलेल्या दोन्ही बटालियना जोडून एक केली गेली. नंतर कैद्यांचा तो लांबलचक पायी प्रवास झाला. तळावरून पकडलेल्या दहा हजारांहून अधिक माणसांपैकी परत आले ते साधारण एक तृतीयांश.

बटालियन तिसऱ्यांदा उभारली गेली. १९५५ च्या सुरुवातीला ती अल्जीरियात परतली, १ सप्टेंबरला 'पहिली परदेशी पॅराशूट रेजिमेंट' झाली, आणि अल्जियर्सच्या पश्चिमेला समुद्रकाठी झेराल्दा इथे तिचं घर झालं. लीजनच्या पॅरांची टोपी हिरवी, बाकी फ्रेंच पॅरांची लाल. झेराल्दात हिरव्या टोप्या दिसू लागल्या. नोव्हेंबर १९५६ मध्ये ती इजिप्तच्या सुएझ कालव्यावर गेली, तिथे पोर्ट फुआदला बोटीतून उतरली, आणि अमेरिका-रशियाच्या दबावाने काही आठवड्यांत सगळं आटोपून परत आली. हातात आलेलं पुन्हा सोडावं लागलं, ही खूण या लोकांच्या मनावर आणखी खोल उमटली.

आणि मग अल्जियर्स.

७ जानेवारी १९५७ ला सरकारने शहराचे पोलिसी अधिकार जनरल मासू यांच्या दहाव्या पॅरा डिव्हिजनला दिले. फ्रान्सपासून स्वातंत्र्य मागणाऱ्या अल्जीरियाच्या मुक्ती आघाडीचे लोक कॅफेंत, बसथांब्यांवर बॉम्ब ठेवत होते, सामान्य माणसं मरत होती, हे खरं. पण याच तारखेपाशी मी वर्गात नेहमी थांबतो. छत्रीसैनिकाला शिकवलेलं असतं ते अंधारात उतरून अनोळखी जागेवर ताबा मिळवायचं. त्याला अटक, चौकशी, पुरावा, वॉरंट यांचं काही शिकवलेलं नसतं, आणि त्याला ते करायला लावलं की तो ते त्याच्या पद्धतीने करतो: जलद, आणि निकालावर डोळा ठेवून. शहराचे भाग रेजिमेंटांना वाटून दिले गेले. कसबा, म्हणजे जुनं शहर, त्यातच आलं. (आपल्या पुण्याच्या कसब्याचा आणि अल्जियर्सच्या कस्बाहचा शब्द एकाच अरबी मुळाचा, ते गल्लीबोळ डोळ्यांसमोर आणायला मला या शब्दाची मदत होते.)

या रेजिमेंटने व्हिला सेसिनी नावाच्या बंगल्यात चौकशीचं केंद्र चालवलं. तिथे विजेचे झटके, पाण्यात बुडवणं, हे सगळं झालं. आज यावर वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही. त्या काळातल्या अधिकाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि गणितज्ञ मोरीस ऑदँ व मुक्ती आघाडीचे नेते लार्बी बेन मिहिदी यांच्या मृत्यूंची जबाबदारी सैन्यावर असल्याचं फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी २०१८ आणि २०२४ मध्ये मान्य केलं आहे, ते बळी या रेजिमेंटचे नसले तरी. अल्जियर्सच्या पोलीस खात्याचे मुख्य सचिव पोल तेजें यांनी अटकेनंतर नाहीशा झालेल्यांची नोंद ३,०२४ अशी केली. ते स्वतः दाखाउच्या छळछावणीतून आलेले होते. त्यांनी राजीनामा दिला. जनरल द बोलार्दिएर, जे लीजनमध्ये आणि पॅरांत दोन्हीकडे लढलेले, त्यांनी मार्च १९५७ मध्ये या पद्धतींचा निषेध म्हणून पदावरून मुक्त होण्याची मागणी केली. त्यांना साठ दिवसांची किल्ल्यातली कैद मिळाली.

या रेजिमेंटचं कौतुक करणारे हा भाग दोन ओळींत उरकतात आणि तिला शिव्या देणारे फक्त हाच भाग सांगतात. मला दोन्ही जमत नाही. कोक् साची घळ फोडणारी आणि व्हिला सेसिनी चालवणारी पलटण एकच होती. दोन्हीकडे काही माणसंही तीच होती. माउटहाउसेन सोसलेले जाँपियेर मार्च १९५७ पासून तिचे कमांडर होते. बोलार्दिएर यांनी दाखवून दिलं की नाही म्हणता येत होतं. बहुतेकांनी म्हटलं नाही.

लष्करी अर्थाने रेजिमेंट जिंकली. २४ सप्टेंबर १९५७ ला मुक्ती आघाडीचा अल्जियर्समधला प्रमुख यासेफ सादी पकडला गेला, तेव्हा फेकलेल्या ग्रेनेडने जाँपियेर जखमी झाले. ८ ऑक्टोबरला त्याचा साथीदार अली ला प्वांतची लपायची जागा स्फोटाने उडवली. त्यात अली, त्याची सहकारी हसीबा बेन बुआली, छोटा ओमर नावाचा कोवळा मुलगा आणि शेजारच्या घरांतली माणसंही मेली. शहरातले बॉम्ब थांबले. आणि अल्जीरियाच्या लोकांमध्ये फ्रान्सबद्दल जी काही आस्था शिल्लक होती ती याच वर्षात आटली.

१९५८ च्या सुरुवातीला रेजिमेंट ट्युनिशियाच्या सीमेवर, गेल्मा भागात गेली. तिथे विजेचा प्रवाह सोडलेलं मोरीस कुंपण होतं. ते कापून आत येणाऱ्या तुकड्यांना हेलिकॉप्टरने गाठायचं. हे पॅरांचं खरं काम, आणि ते त्यांनी अप्रतिम केलं, मोठी किंमत देऊन. जाँपियेर स्वतः हलक्या अल्युएत हेलिकॉप्टरमधून लढाई चालवत. २९ मे १९५८ ला जेबेल मेर्मेरावर ते हेलिकॉप्टर गोळीबारात पडलं. रेडिओवर त्यांचं सांकेतिक नाव 'सूर्य' होतं. रेडिओवर निरोप गेला: सूर्य मेला.

त्याच दिवसांत जनरल द गॉल फ्रान्समध्ये सत्तेवर आले, बऱ्याच अंशी अल्जियर्समधल्या सैन्याच्या जोरावर. ४ जूनला अल्जियर्सच्या गर्दीला ते म्हणाले, मी तुम्हाला समजून घेतलं आहे. प्रत्येकाने त्याचा आपल्याला हवा तो अर्थ घेतला. सप्टेंबर १९५९ मध्ये त्यांनी अल्जीरियाच्या स्वयंनिर्णयाची भाषा केली, जानेवारी १९६१ मध्ये सार्वमतात फ्रान्सने ती मोठ्या बहुमताने मान्य केली. राजकीय दृष्टीने द गॉल बरोबर होते, हे माझं स्पष्ट मत आहे. नव्वद लाख लोकांना बंदुकीच्या धाकात कायम ठेवता येत नाही. पण गावोगावी जाऊन 'फ्रान्स जाणार नाही, आमच्या बाजूने या' असा शब्द अधिकाऱ्यांनी दिला होता, आणि तो वरूनच द्यायला लावला होता.

इथे एली द सँ मार्क येतात. तरुणपणी प्रतिकार चळवळीत पकडले गेले, बुखेनवाल्डच्या छळछावणीत पाठवले गेले. इंडोचायनात सीमेवरच्या एका चौकीत त्यांनी गावकऱ्यांना विश्वासात घेऊन आपल्या बाजूने उभं केलं. मग चौकी सोडायचा हुकूम आला. ट्रकना लटकणाऱ्या त्याच गावकऱ्यांच्या हातांवर शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यांनी मारून त्यांना खाली पाडलं. मागे राहिलेल्यांचं काय झालं हे त्यांना नंतर कळलं. त्यांनी आयुष्यभर हा प्रसंग सांगितला, आणि मी तो प्रत्येक तुकडीला सांगितला आहे, कारण त्याशिवाय २१ एप्रिल १९६१ कळत नाही.

त्या दिवशी रेजिमेंटचे कमांडर गिरो रजेवर होते, आणि मेजर सँ मार्क प्रभारी. निवृत्त जनरल शाल यांनी त्यांना बोलावलं आणि विचारलं: अल्जीरिया सोडायचं नाही म्हणून उठाव करतो आहोत, साथ देणार का? सँ मार्क हो म्हणाले. मध्यरात्रीनंतर झेराल्दाहून ट्रक निघाले आणि पहाटेपर्यंत अल्जियर्स त्यांच्या हाती होतं: सरकारी मुख्यालय, रेडिओ, सेनापती सगळं. रेडिओ प्रक्षेपण केंद्रावर एक सार्जंट मारला गेला. शाल, जुओ, झेलर आणि नंतर येऊन मिळालेले सालां या चार जनरलांच्या उठावाची पोलादी मूठ म्हणजे ही एक रेजिमेंट.

चार दिवसांत सगळं विरघळलं. २३ तारखेला द गॉल लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवर आले आणि सैनिकांना या लोकांचा एकही हुकूम मानू नका म्हणाले. अल्जीरियातल्या सक्तीच्या भरतीतल्या लाखो पोरांनी ते भाषण आपापल्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं आणि ते जागचे हललेच नाहीत. या बंडाचा पराभव बंदुकीने झाला नाही, खिशातल्या रेडिओने झाला. शाल शरण गेले. सँ मार्क पळाले नाहीत, तेही शरण गेले.

२७ एप्रिलला रेजिमेंटने झेराल्दा सोडलं. जाण्याआधी त्यांनी स्वतःच्या छावणीतले दारूगोळ्याचे साठे उडवून दिले. ट्रकमधून जाताना शिपाई एदित पियाफचं त्या वेळी गाजत असलेलं, 'मला कशाचाच पश्चात्ताप नाही' असं म्हणणारं गाणं गात होते. हे खरंच घडलं आहे. पियाफने ते गाणं लीजनलाच अर्पण केलं होतं, आणि लीजन ते आजही गाते. पण चित्रातलं ते दृश्य पाहताना मला त्या ट्रकमधल्या साध्या शिपायांचा विचार येतो. जर्मन, स्पॅनिश, हंगेरियन. त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं. कप्तान म्हणाला चला, ते गेले.

रेजिमेंट मोडल्याची तारीख ३० एप्रिल १९६१. लीजनच्या बाहेरच्या माणसाला या तारखेत काही दिसणार नाही. पण ३० एप्रिल म्हणजे कामेरोन. १८६३ मध्ये त्या दिवशी मेक्सिकोत लीजनचे साठ-पासष्ट जण दोन हजारांशी शेवटपर्यंत लढले. लीजनचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस तो. त्याच दिवशी तिची सर्वांत नावाजलेली पलटण पटावरून पुसली गेली. सोबत १४ वी आणि १८ वी पॅरा शासर (हलक्या पायदळाच्या पॅरा) रेजिमेंटही मोडल्या, दहावी आणि पंचविसावी पॅरा डिव्हिजनही.

आपल्याकडे क्रमांक बदलला तरी पलटण जगते. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण पॅरा झाली, पुढे दुसरी पॅरा म्हणून ओळखली गेली, आणि ११ डिसेंबर १९७१ ला टांगाइलवर उतरली ती जुन्या पलटणीचा सगळा मान अंगावर घेऊनच. झेराल्दात उलट झालं: माणसं इतर तुकड्यांत वाटली गेली, अधिकारी तुरुंगात गेले, आणि क्रमांक कायमचा गोठवला गेला.

काही अधिकाऱ्यांनी पुढे ओएएस या, अल्जीरिया फ्रान्सकडेच राहावा म्हणणाऱ्या, गुप्त दहशतवादी संघटनेची वाट धरली. लेफ्टनंट रोजे दगेल्द्र तिच्या 'डेल्टा' मारेकरी टोळ्यांचा प्रमुख झाला. त्याला ६ जुलै १९६२ रोजी गोळ्या घालून देहदंड दिला गेला. अल्जीरिया स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम काही दिवसच झाले होते. सँ मार्क यांनी ती वाट धरली नाही. खटल्यात ते म्हणाले की सैनिकाकडून पुष्कळ मागता येतं, मरणसुद्धा, ते त्याचं कामच आहे. पण फसवायला, दिलेला शब्द मोडायला, खोटी शपथ घ्यायला त्याला सांगता येत नाही. दहा वर्षांची शिक्षा झाली, १९६६ च्या डिसेंबरात सुटका. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांनी त्यांना लीजन ऑफ ऑनरचा सर्वोच्च 'ग्राँ क्र्वा' दिला. २०१३ मध्ये ते गेले. माझ्या मते ते प्रामाणिक होते आणि चुकले. गावकऱ्यांना दिलेला शब्द खरा होता, पण निवडून दिलेल्या सरकारने युद्ध थांबवायचं ठरवल्यावर ट्रक राजधानीकडे वळवायचा हक्क कुठल्याही मेजरला नाही, त्याच्या हातांवर कितीही ओझं असलं तरी.

दुसरी रेजिमेंट वाचली. तीही उठावात ओढली गेली होती, पण पुढे-पुढे नव्हती. १९६७ मध्ये ती कॉर्सिकात काल्वीला गेली. १९ मे १९७८ ला झैरमधल्या कोलवेझीवर तिने उडी घेतली तेव्हा छत्र्याही स्वतःच्या नव्हत्या, झैरच्या फौजेकडून घेतलेल्या अमेरिकी बनावटीच्या होत्या. २०१३ च्या जानेवारीत तिच्या जवानांनी मालीतल्या टिंबक्टूजवळ रात्री उडी घेतली. लीजनमध्ये आज पहिली घोडदळ रेजिमेंट आहे, पहिली इंजिनिअर रेजिमेंट आहे, नुसती 'पहिली परदेशी रेजिमेंट'ही आहे. पॅरांमध्ये मोजणी दोनपासून सुरू होते आणि दोनलाच संपते.